दोन तारा आणि जाळी

सोमवारी संध्याकाळी कोर्टातून घरी आल्यावर राजदीप उंदिरवाडेनं हेडफोन चढवला, आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं, आणि लटारूच्या आवाजाखाली त्याला दुसरा एक आवाज ऐकू आला. घूं. बारीक, सपाट, कुठं न वाढणारा, कुठं न थकणारा. लटारू बोलायचा थांबला की तो वर यायचा. लटारू बोलू लागला की त्याच्या पोटाखाली जाऊन बसायचा. राजदीप उठला आणि त्यानं पंखा बंद केला. मग त्याच्या लक्षात आलं की आज पंखा बंद करून कालचा आवाज जाणार नाही. तो तसाच बटणापाशी उभा राहिला. चंद्रपुरातल्या भाड्याच्या घराची ही मागची खोली. भिंतींना त्यानं जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, खिडकीला गोधडी लावली होती, आणि या खोलीला तो मनातल्या मनात स्टुडिओ म्हणायचा. संघप्रिया, त्याची बायको, तिला गाद्यांची खोली म्हणायची. बाहेर रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला. खोलीत तो फक्त तळपायांना कळला.

लटारू शेंडे सावली गावचा. वय बासष्ट. तीस वर्षं त्यानं झाडीपट्टीतल्या नाटकांची जाहिरात केली. धान निघालं की गावोगाव मंडप पडायचे, आणि नाटकाच्या दिवशी दुपारी जीपच्या टपावर भोंगा बांधून, पुढच्या सीटवर माइक धरून लटारू वैनगंगेच्या दोन्ही काठांनी हिंडायचा. लोक त्याला चेहऱ्यानं ओळखत नसत. बाजारात त्यानं वांग्याचा भाव विचारला की मात्र वांगी विकणारी बाई चमकून वर पाहायची. आता त्याच्या घशात गाठ होती. गुरुवारी नागपूरला भरती, शुक्रवारी ऑपरेशन. गाठीबरोबर स्वरयंत्रही पूर्ण काढावं लागणार होतं. माणूस राहील, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वातीला सांगितलं होतं. स्वाती ही लटारूची एकुलती एक मुलगी, आरोग्य केंद्रात नर्स. रविवारी सकाळी बापाला घेऊन तीच आली होती. दारातच ती म्हणाली होती, "भाऊ, मले जाहिरात नाई पाह्यजे. बाबा घरी बोलते तसं बोलणं पाह्यजे. मले हाक मारते ना, तसं."

पण माइक समोर आला तसा लटारू ताठ झाला. खुर्चीतल्या खुर्चीत त्याची मान लांब झाली, आणि त्या दुखऱ्या, खरखरीत गळ्यातून ओळखीचा सूर निघाला. रसिक मायबाप हो, आज आपल्या गावात प्रथमच. तो चाळीस मिनिटं बोलला. कधीच बंद पडलेल्या मंडळ्यांची नावं, वारलेल्या नटांची नावं, नाटकांची नावं. "बाबा, साधं बोल ना," स्वाती मधेच म्हणाली. "साधंच तं बोलून राह्यलो," लटारू म्हणाला, आणि पुन्हा, रसिक मायबाप हो. स्वाती पलंगाच्या कडेवर बसून आपली नखं पाहत होती. राजदीपनं तेव्हा हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता. कानात इतक्या जवळून तो घसा सहन होईना. प्रत्येक शब्दाआधी आत काहीतरी ओलं, फाटकं हलत होतं, आणि राजदीपला आपल्याच गळ्याशी हात न्यावासा वाटत होता. पडद्यावरच्या हिरव्या रेषा वरखाली होत होत्या, तेवढं पुरे आहे असं त्यानं ठरवलं. म्हणून घूं ऐकू आली नाही. कारण एवढंच होतं. ते त्यानं स्वतःशी नीट, एका वाक्यात मांडून पाहिलं, कोर्टात मांडतात तसं, आणि त्यातून कुणी सुटत नव्हतं.

त्यानं संगणकावर घूं काढून पाहिली. ती निघाली. तिच्याबरोबर लटारूची छातीही निघाली. उरला तो आवाज रिकाम्या रॉकेलच्या पिंपातून यावा तसा होता, कुणाचाही. लटारूचा खर्ज नेमका त्या घूंच्याच जागी बसलेला होता. एकाला उपटलं की दुसरा येत होता. तीनदा त्यानं तो प्रयोग केला. मग माइकची केबल काढली, आणि तिच्या टोकाचं चकचकीत रबर ब्लेडनं कापलं. आत दोन तारा नीट जोडलेल्या होत्या, एक लाल, एक पांढरी. त्यांच्याभोवती तांब्याची जाळी असते, बाहेरचा गोंगाट अडवून जमिनीला पोचवणारी. ती मुळातच विरळ होती, आणि कथलाच्या डागात तिचे दोनतीन तंतू कसेबसे अडकले होते. बाकीची जाळी मागंच कापून टाकलेली. वरून निळ्या सुताची वीण, सोनेरी पिना. दुकानात दोन केबली समोर होत्या. दुसरी काळी, मळकट दिसणारी, मीटरवर मोजून मिळणारी. दुकानदार खुशालभाऊ म्हणाले होते, आठ दिवस थांबा, मी सोता डाग मारून देतो. काळी तार पाहून राजदीपला कोर्टातल्या माइकची तार आठवली होती. त्यानं निळी घेतली. एवढ्याशा गोष्टीला कारण म्हणायचं का, याचा तो विचार करत बसला.

कोर्टात तो लघुलेखक होता. बारा वर्षं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणायचा, मले त्यानं ढकललं जी. साहेब तो मजकूर सांगायचे, आणि राजदीपची बोटं टंकत जायची, मला आरोपीने ढकलले. हजारो माणसांचं बोलणं त्याच्या बोटांतून असं धुऊन, इस्त्री होऊन गेलं होतं. शेवटी साक्षीदाराला ते वाचून दाखवायचं, आणि साक्षीदार मान डोलवायचा, आपण इतकं चांगलं बोललो याचं थोडं नवल करत. त्यात चूक काही नव्हतं. पण कधीतरी त्याला वाटू लागलं की आपण माणसं फक्त ऐकावीत, टंकू नयेत, आणि त्या वाटण्यातून ही गाद्यांची खोली झाली. तिथं पहिलं काम आलं ते एका नाटक कंपनीचं. चंद्रपूरच्या एका निवेदकाच्या गुळगुळीत आवाजात जाहिरात भरून द्यायची होती. त्यानं ती पेनड्राइव्हवर भरून दिली. मग दुसऱ्या कंपनीची, मग पाचसहा. त्या हंगामापासून जीपमध्ये ड्रायव्हर एकटाच बसू लागला. रविवारी निघताना लटारूनं गाद्यांवरून हात फिरवत विचारलं होतं, "तं ते पेनड्राइव इथीच भरते का?" राजदीप हो म्हणाला होता. "साफ येते बाप्पा," लटारू म्हणाला होता. "थुका नाई, खोकला नाई. चांगलं होते." आणि चपला पायात सरकवून बाहेर गेला होता. त्याच्या बोलण्यात राग शोधण्यात राजदीपनं सगळा रविवार घालवला. तो सापडला असता तर बरं झालं असतं.

संघप्रिया चहा घेऊन आली, कापलेली केबल पाहून उभी राहिली. त्यानं सांगितलं.

"मंग फोन कर ना त्याईले," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"जे झालं ते. तार खराब होती, आन् तू कानाले लावलं नव्हतं."

"हेडफोनचं नाही सांगितलं तर?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तुले काय वाटते, ते इचारणार नाई?"

ती शाळेत शिकवायची, तिला उत्तरं लवकर हवी असत. राजदीपला वाक्य तयार व्हायला वेळ लागे. त्याच्या घरातच तसं होतं. लहानपणी ते चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरला राहायचे, कोळशाच्या खाणीजवळ. रोज दुपारी खाणीत सुरुंग उडायचे. बाबा खाणीत कामाला, रात्रपाळीनंतर घरी असले की घड्याळ पाहून वाक्याच्या मध्येच थांबायचे. भांडी थरथरायची, छतावरून थोडी माती पडायची, आणि मग बाबा ते वाक्य तिथूनच पुढं न्यायचे. सगळी वस्ती तसंच करायची. नववीत असताना एका दुपारी बाबा त्याच्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, राजू, तुझ्या मायले मी कधी. मग ते थांबले. सुरुंग उडाला. माती पडली. त्यानंतर बाबा म्हणाले, "काई नाई," आणि उठून अंगणात गेले. त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही, आणि पुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही, कारण ते वाक्य बाबांच्या लक्षातही नसावं. यात दुःख करण्यासारखं आहे असं राजदीपला वाटत नसे. फक्त कधी कधी, पिंजऱ्यातला एखादा म्हातारा बोलता बोलता अडखळला की त्याची बोटं की-बोर्डवर नको तितका वेळ थांबत, आणि साहेब चष्म्यावरून पाहत.

त्यानं फोन केला. स्वातीनं सगळं ऐकून घेतलं. तार खराब होती इथवर ती हूं हूं करत होती. मग राजदीप म्हणाला, मी हेडफोन काढून ठेवला होता, म्हणून कळलं नाही. "काऊन काढला?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "ऐकवत नव्हतं." मागं कुकरची शिटी झाली. "मले रोज ऐकावं लागते भाऊ," ती म्हणाली. मग म्हणाली, "बुधवारी बाबा घरीच हाय. आता प्रवास नाई झेपत त्याले. तुमी येता का?"

मंगळवारी कोर्ट सुटल्यावर तो खुशालभाऊंच्या दुकानात गेला. खुशालभाऊ लग्नातल्या बँडवाल्यांचे अँप दुरुस्त करायचे, त्यांच्या टेबलावर नेहमी कुणाचा तरी भोंगा पोट उघडून पडलेला असायचा. त्यांनी निळ्या केबलचं कापलेलं टोक बोटात फिरवलं आणि बाजूला ठेवलं. काळ्या तारेची चार मीटर त्यांनी मोजली. "दोन तारा काऊन असते, मालूम हाय?" त्यांनी विचारलं. राजदीपला माहीत होतं, पण तो नाही म्हणाला. "दोघीबी एकच गोष्ट सांगते. एक सुलटी सांगते, एक उलटी. रस्त्यात जो कचरा लागते तो दोघींले सारखाच लागते. मंग मशीन का करते, उलटीले सुलटी करते आन् दोघी जोडते. गोष्ट दुप्पट होते, आन् कचरा एकमेकाले खाऊन टाकते." त्यांनी कथलाचा डाग मारला, त्यावर फुंकर घातली. "पण जाळी मजबूत पाह्यजे. जाळी नाई तं दोघीबी बिचाऱ्या का करतीन?" जाळीचा एकही तंतू त्यांनी बाहेर सोडला नाही, पीळ देऊन, चिमट्यानं धरून, सगळे आत घेतले. राजदीप स्टुलावर बसून पाहत होता. टेबलावर राळेचा धूर होता. त्या कामात त्याला काही करायचं नव्हतं आणि बोलायचंही नव्हतं, आणि गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. काम झाल्यावर खुशालभाऊंनी तार माइकला लावून त्याच्या कानावर हेडफोन चढवला आणि बाजूचा भलामोठा ट्रान्सफॉर्मर चालू केला. हेडफोनमध्ये दुकानासमोरचा रस्ता होता, सायकलची घंटी होती, खुशालभाऊंचा श्वास होता. घूं नव्हती.

बुधवारी रजा टाकून तो मोटरसायकलनं निघाला. लॅपटॉप पाठीला, तार खांद्यावरून. मूल गावच्या रस्त्याला जंगलात अजून गारवा होता. पळस अर्धवट फुलला होता. समोरून एक जाहिरातीची जीप आली, आणि त्यानंच भरलेला तो गुळगुळीत आवाज झाडांतून येऊन, अंगावरून जाऊन, मागं राहिला. त्यानं वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. हा आवाज आपला नाही आणि त्या निवेदकाचाही आता नाही, असं काहीसं त्याच्या मनात आलं. मग समोर एक बैल आडवा आला आणि तो विचार तिथंच राहिला.

सावलीला लटारूच्या घरी पडवीत खाट टाकलेली होती, खाटेखाली उद्याची पिशवी भरून तयार. राजदीपनं फ्रिज बंद करायला सांगितला, लॅपटॉप बॅटरीवरच ठेवला, म्हणजे विजेच्या तारेचा संबंधच नको. धानाच्या पोत्यावर माइक ठेवला. त्यानं हेडफोन घातला. घसा लगेच कानात आला, तोच ओला, फाटका, रविवारपेक्षा जास्त. त्यानं हात मांडीवर दाबून ठेवले.

लटारूनं मान लांब केली. "रसिक मायबाप..."

स्वातीनं तोंड फिरवलं. आणि राजदीपच्या तोंडून, त्यानं न ठरवता, बारा वर्षं रोज कानावर पडलेला प्रश्न निघाला, त्याच कोरड्या सुरात. "साक्षीदाराचं नाव?"

लटारू थांबला. "आं? लटारू."

"पूर्ण नाव."

"लटारू झिंगर शेंडे." मान थोडी आखूड झाली.

"वय?"

"बासष्ट असन. माय म्हणे, पूर आलता त्या साली झाला."

"धंदा?"

लटारूनं माइककडे पाहिलं, मग अंगणात पाहिलं. "बोलणं," तो म्हणाला.

हेडफोनमध्ये अंगणातल्या कोंबडीची पावलं येत होती. राजदीपला पुढचा प्रश्न माहीत होता, राहणार कुठले. तो त्यानं विचारला नाही. त्याऐवजी म्हणाला, "मुलगी झाली त्या दिवशी कुठं होता?"

"आरमोरीकडं. जीपमंदी." लटारू हसला, आणि हसताना त्याला खोकला आला, आणि खोकला संपेपर्यंत सगळे थांबले. "तवा फोन कुठी? सावलीच्या बसचा कंडक्टर ओळखीचा. चहाच्या टपरीवर मले म्हणते, लटाऱ्या, तुले पोरगी झाली बे. मी जीपमंदी बसलो. माइक उचलला. नाटकाचं नाव सांगाचं होतं. तोंडातून निघालं, मले पोरगी झाली हो! सावलीच्या लटारूले पोरगी झाली! तीन गावं तेच सांगत गेलो बावा. बाया दारात येऊन पाहून राह्यल्या, हे कोणतं नाटक म्हणून. नाटकाचं नाव काई सांगतलंच नाई. मालकानं आयकलं, तसाच जीपतून उतरवला. मंग का, पायी आलो. नदीत पाणी गुडघ्याले होतं. हिले पायलं. लाल, एवढूशी, आन् ओरडून राह्यली होती. म्हणलं, आवाज हाय पोरीले."

स्वाती खांबाला टेकली होती. "हे मले कधी सांगतलं तू?"

"सांगतलं असन."

"नाई सांगतलं. कधीच नाई."

"तं मंग राह्यलं," लटारू म्हणाला. "रोज बोलून बोलून घरी येवो, मंग घरी बोलाची इच्छा नाई राहे." घसा कोरडा पडला होता. आणि मग, माइककडे न पाहता, कुणाकडेच न पाहता, तो म्हणाला, "स्वाते, पाणी आन वो माय."

ती आत गेली. रेकॉर्डिंग चालू आहे हे ती विसरली होती. हेडफोनमध्ये तिची पावलं, माठावरचं झाकण, लोट्यात पडणारं पाणी सगळं आलं. ती लोटा घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली, लोटा दोन्ही हातांत धरून. हवी होती ती हाक रेकॉर्ड झाली, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. राजदीपनं पडद्याकडे पाहिलं. हिरवी रेषा खाली पडून होती. त्यानं बटण दाबलं नाही. लटारूनं हात पुढं केला, "दे ना," म्हणाला, आणि पाणी प्यायला. गिळण्याचाही आवाज आला. दुपारपर्यंत ते तिघं तिथं बसले.

ऑपरेशन झालं. बरं झालं असं स्वातीनं कळवलं. फाइल तिनं आपल्या फोनमध्ये घेतली होती. ती ऐकते का, हे राजदीपनं विचारलं नाही. हंगाम संपला. नाटकाच्या जाहिरातीचं एक काम आलं, ते त्यानं नाही म्हटलं. दुसऱ्या कुणीतरी ते केलं असणार. ऊन चढलं. कोर्टाला सुट्या लागल्या. मे महिन्यातल्या एका दुपारी तो पुढच्या खोलीत कूलरसमोर पडला होता तेव्हा फोन वाजला. नाव लटारूचं होतं. त्यानं उचलला. पलीकडे कुणी बोललं नाही. हवा आत ओढल्याचा, मग सोडल्याचा आवाज येत होता, गळ्याच्या भोकातून येतो तसा, थोडा शिट्टीसारखा.

"लटारूभाऊ?"

श्वास. लांबून स्वातीचा आवाज आला, "भाऊ, मी नाई लावला. बाबानंच लावला."

राजदीप उठून बसला. काय हवंय, तब्येत कशी आहे, असे प्रश्न त्याला सुचले. त्या कुठल्याच प्रश्नाला तिकडून उत्तर येण्यासारखं नव्हतं. आयुष्यभर तो समोरचा बोलण्याची वाट पाहत आला होता. आताही तो थोडा वेळ वाट पाहत राहिला. श्वास येत होता, जात होता. फोन ठेवलेला नव्हता.

"मी घरीच आहे," तो म्हणाला. "सुट्या आहेत." मग थांबला. श्वास थांबला नाही. "इथी ऊन गज्जब हाय," तो म्हणाला. "सकाळी आठलेच चटके बसते. कूलर लावला तं नळाले पाणी नाई. काल टँकर आलता, संघप्रिया तीन गुंड पाणी भरून आली, आन् मले म्हणते, तू झोपूनच राह्य." तिकडे श्वास किंचित तुटला, ते हसणं असावं, नसावंही. तो पुढं बोलू लागला. सासरवाडीहून आंबे आले, त्यातले अर्धे नासले, ते सांगितलं. समोरच्या घरच्या म्हाताऱ्यानं कडुनिंब तोडू दिला नाही, ते सांगितलं. शब्द आधी नीट लावून मग बोलायची त्याची सवय मागं पडत गेली, आणि वाक्यं अर्धी सुटून दुसरीत शिरू लागली. संघप्रिया स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली, कोण आहे असं तिनं हातानं विचारलं. त्यानं हातानंच थांब म्हटलं. फोन कानाला गरम लागू लागला तेव्हा त्यानं तो दुसऱ्या कानाला लावला.